पात्र, चीवर आणि साधेपणाची कसोटी

'बौद्ध सौंदर्यदृष्टी' या विषयावर आजकाल जे लिहिले व बोलले जाते, त्यात साध्या वस्तूंच्या गौरवाला फार मोठे स्थान मिळाले आहे. नक्षी नसलेला मातीचा पेला, न रंगवलेले लाकूड, जाडेभरडे सुती कापड, तडा सांधलेली वाटी अशा वस्तूंकडे बोट दाखवून 'हेच खरे बौद्ध सौंदर्य' असे सांगितले जाते. या वस्तू पाहणाऱ्याचे लक्ष ओढून घेत नाहीत. रोज हाताळता हाताळता त्यांचा गुण उमगत जातो. हा अनुभव खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्याला धम्मविचाराचा आधार नेमका कोणता, आणि तो पालि विनयपिटकात कोणत्या स्वरूपात सापडतो, याची तपासणी क्वचितच होते. ती करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ कलासमीक्षेचा नाही. आपल्या समाजातील एखादा प्राध्यापक नीटनेटका सूट घालून विहारात आला, किंवा एखाद्या कुटुंबाने चांगले घर बांधले, की 'बुद्धाचा साधेपणा कुठे गेला?' असे विचारणारे लोक भेटतात. विचारणाऱ्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या काय होते, हा प्रश्न मात्र त्याला कोणी विचारीत नाही. म्हणून साधेपणा म्हणजे काय, तो कोणी, कोणासाठी आणि कशासाठी पत्करावयाचा, हे मूळ ग्रंथांतूनच समजून घेणे अगत्याचे आहे.

यानागी यांचा सिद्धान्त

साध्या वस्तूंच्या सौंदर्याचा बौद्ध भाषेत सर्वांत गंभीर विचार कोणी केला असेल तर तो जपानचे विचारवंत सोएत्सु यानागी (१८८९–१९६१) यांनी. शोजी हामादा व कांजिरो कावाई या कुंभार मित्रांसमवेत त्यांनी १९२५ मध्ये 'मिंगेई' हा शब्द घडवला. सामान्य जनांची कारागिरी असा त्याचा आशय आहे. १९३६ मध्ये तोक्योत त्यांनी या वस्तूंचे संग्रहालय उघडले. त्यांच्या निवडक लेखांचे बर्नार्ड लीच यांनी सिद्ध केलेले इंग्रजी पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. 'अज्ञात कारागीर' या अर्थाचे त्याचे नाव आहे.

यानागी यांचे म्हणणे थोडक्यात असे. सही करणारा कलावंत सुंदर वस्तू घडवण्याचा आटापिटा करतो आणि त्या आटापिट्यातच सौंदर्य हरवते. उलट रोजच्या वापराच्या वस्तू शेकड्यांनी घडवणाऱ्या निनावी कारागिराच्या हातून, त्याच्या नकळत, सौंदर्य प्रकट होते. येथे यानागी जपानी सुखावती संप्रदायाच्या परिभाषेत बोलतात: कारागीर स्वबळाने नव्हे, अमिताभाच्या बळाने तरतो. मोठ्या सुखावतीव्यूहातील चौथ्या प्रणिधानात सुंदर आणि कुरूप हा भेदच नाहीसा होतो. त्यावर त्यांनी आपली सौंदर्यमीमांसा उभारली.

त्यांचे आवडते उदाहरण म्हणजे 'किझाएमोन' या नावाने ओळखला जाणारा चहाचा वाडगा. तो कोरियात घडला. यानागी यांच्या मते तो एका सामान्य कुंभाराने गरिबांच्या भातासाठी केलेला वाडगा होता. जपानी चहाविधीच्या आचार्यांना त्याचे सौंदर्य दिसले, तो हातोहाती फिरला आणि अखेर क्योतोच्या दाइतोकु-जी विहारसमूहातील कोहो-आन येथे आला. यानागी यांनी तो १९३१ मध्ये पाहिला तेव्हा पेटीत पेटी, त्या पेटीत पेटी, आणि आत रेशमी वस्त्र अशा बंदोबस्तात तो ठेवलेला होता. आज तो जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे.

यानागी यांच्या कार्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. ज्या हातांना कलेच्या इतिहासात जागा नव्हती त्या हातांकडे त्यांनी विद्वानांची दृष्टी वळवली. कोरिया जपानच्या ताब्यात असताना, सोलचे ग्वांगह्वामुन हे राजवाड्याचे महाद्वार पाडण्याच्या बेताविरुद्ध त्यांनी १९२२ मध्ये जाहीरपणे लेखणी उचलली. असे धैर्य त्या काळी थोड्यांनीच दाखवले.

तरीही एक गोष्ट खटकते. त्या वाडग्याच्या कथेत चहाच्या आचार्यांना नावे आहेत, वाडग्याच्या मालकांना नावे आहेत, वाडग्यालाही एका मालकाचे नाव आहे. नाव नाही ते फक्त घडवणाऱ्याला. आणि सिद्धान्त असा की, त्याला नाव नसणे हेच सौंदर्याचे कारण! वापरासाठी घडलेली वस्तू वापरातून उठली, पेट्यांत बंद झाली, तिचे मोल गगनाला भिडले. कुंभाराच्या चुलीवर त्याचा काय परिणाम झाला, हा प्रश्न या सौंदर्यमीमांसेत उद्भवतच नाही. विनयपिटकात तो उद्भवतो. किंबहुना तेथे तो प्रारंभीच उद्भवतो.

विनयपिटकातील वस्तू

विनयपिटक हा शिस्तीचा ग्रंथ म्हणून वाचण्याची सवय आपल्याला लागली आहे. पण चुल्लवग्गाचा खुद्दकवत्थुखन्धक आणि महावग्गाचा चीवरखन्धक वस्तूंचे वर्णन म्हणून वाचून पाहावेत. सुई, वस्तरा, गाळणे, पात्राखालची चकती, झोळीचा पट्टा अशा बारीकसारीक वस्तू तेथे एकामागून एक येतात, आणि प्रत्येकीच्या मागे एक अडचण असते.

आरंभी भिक्खू पिसाच्या देठाने आणि बांबूच्या काडीने चीवर शिवत असत. शिवण वेडीवाकडी येई. म्हणून सुईला अनुज्ञा मिळाली. सुया हरवू लागल्या म्हणून त्यांच्यासाठी नळी आली. सुयांना गंज चढू लागला, तेव्हा तो टाळण्यासाठी नळीत काय भरावे यावर एकामागून एक उपाय करून पाहिलेले दिसतात. शेवटी मेण मिसळलेल्या दगडाच्या भुकटीवर गाडी थांबते. पात्राचा बूड घासला जातो, म्हणून खाली वाटोळी चकती. ओले पात्र तसेच ठेवल्याने त्याला वास येतो, म्हणून ते थोडा वेळ उन्हात ठेवावे. कठड्याच्या काठावरून घरंगळते, म्हणून तेथे ठेवू नये. या सर्व प्रकरणात 'सुंदर' हा शब्द शोधावा लागतो. वस्तू साधी राहते, कारण अडचण सुटली की तेथेच थांबावयाचे, असा नियम आहे.

थांबावयाचे कोठे, हेही स्पष्ट आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने मौल्यवान चंदनाचे पात्र करवून उंच बांबूवर टांगले, आणि जो ऋद्धिबळाने ते काढील त्याला दिले, ही कथा सर्वपरिचित आहे. पिण्डोल भारद्वाजाने ते मिळवले. तथागतांनी त्याची निर्भर्त्सना केली आणि ते पात्र फोडून, त्याची भुकटी करून अंजनात घालण्यासाठी भिक्खूंना वाटून टाकावयास सांगितले. येथे तपशील महत्त्वाचा आहे. पात्र नुसते नष्ट केले नाही. चंदनाचा जो खरा उपयोग तो करून घेतला. त्यानंतर लाकडाची, सोन्याची, चांदीची, रत्नांची, स्फटिकाची, काशाची, काचेची, तांब्याची पात्रे निषिद्ध ठरली आणि दोनच राहिली: लोखंडाचे व मातीचे. नक्षी आणि रंगीत चित्रे चकतीवरही चालणार नाहीत असे ठरले. मात्र ती पात्राला घट्ट बसावी म्हणून तिच्या कडेला मगरीच्या दातांसारखे खाचे पाडण्यास परवानगी मिळाली. खाच चालते, कारण ती काम करते.

चीवराची कथा याहून मार्मिक आहे. तथागत दक्षिणागिरीकडे जात असता मगधातील भातशेती त्यांच्या दृष्टीस पडली: पट्ट्यापट्ट्यांची, बांधांनी आखलेली, बांध जेथे एकमेकांना छेदतात तेथे चौक साधलेली. भिक्खूंची चीवरे अशी करता येतील काय, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तशी चीवरे सिद्ध केली आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. पट्टी, अर्धपट्टी, मंडल, अर्धमंडल असे चीवराचे भाग आजही त्या शेतीची आठवण देतात. शेतकऱ्याच्या श्रमाचा आराखडा भिक्खूच्या अंगावर आला. राजवस्त्राचा किंवा यज्ञवेदीचा नमुना समोर नव्हता असे नाही. निवड भाताच्या वाफ्याची झाली, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

परंतु याही निवडीचे कारण व्यवहारी आहे. कापड कितीही भारी असले तरी तुकडे करून शिवले की चोराला त्याचा लोभ राहत नाही आणि श्रमणाला ते शोभते. नव्या चीवरावर निळ्या, चिखलाच्या किंवा काळपट रंगाचा ठिपका देऊन ते मुद्दाम 'दुर्वर्ण' करावे, या पाचित्तियातील ५८ व्या नियमामागेही अशीच घटना आहे. साकेताहून श्रावस्तीला जाणाऱ्या भिक्खूंना व परिव्राजकांना चोरांनी लुटले. राजपुरुषांनी माल परत मिळवला. पण आपले चीवर कोणते हे भिक्खूंना ओळखता येईना. त्या ठिपक्याला आज कोणी गूढ सौंदर्याचा अर्थ लावील. मुळात ती ओळखीची खूण आहे.

कारागिराचा संसार

आता आम्ही या लेखातील मुख्य मुद्द्याकडे येतो. पाच ठिकाणी सांधलेले होण्यापूर्वी जुने पात्र टाकून नवे घेऊ नये, असा निस्सग्गिय पाचित्तियातील २२ वा नियम आहे. सांधलेल्या वाटीचे कौतुक करणाऱ्यांना हा नियम मोठा आधार वाटेल. पण त्याची निदानकथा त्यांनी वाचावी. कपिलवस्तूच्या एका कुंभाराने भिक्खूंना पात्रे देऊ केली. भिक्खूंनी मात्रा ओलांडली. लहान पात्र असलेले मोठे मागू लागले, मोठे असलेले लहान मागू लागले. कुंभाराला विकण्यासाठी दुसरा माल करता येईना. त्याचा चरितार्थ चालेना, बायकामुलांचे हाल होऊ लागले. लोकांनी टीका केली आणि नियम झाला.

हस्तिदंताच्या सुईघराविषयीच्या ८६ व्या पाचित्तियाची कथाही अशीच आहे. तेथे कुंभाराच्या जागी हस्तिदंताचे काम करणारा कारागीर आहे. त्याचेही कुटुंब याच कारणाने हलाखीत पडते. हाड, हस्तिदंत किंवा शिंग यांचे सुईघर करवल्यास ते फोडून टाकावे लागते.

तेव्हा विनयाच्या दृष्टीने पात्राला पडलेला सांधा सुंदर दिसतो की नाही हा प्रश्नच नाही. तो सांधा म्हणजे कुंभाराच्या घरी वाचलेला एक दिवस आहे. साध्या वस्तूकडे पाहण्याची ही दृष्टी यानागी यांच्या दृष्टीहून वेगळी आहे, आणि आमच्या मते अधिक खोल आहे. येथे साधेपणा पाहणाऱ्याच्या डोळ्यात नसून वापरणारा आणि घडवणारा यांच्यातील न्यायात आहे.

कारागीर निनावी असावा असा आग्रह तर पालि परंपरेत कोठेच नाही. मज्झिमनिकायातील ८१ वे सुत्त एका कुंभाराच्या नावाने आहे. घटीकार कुंभार स्वतः जमीन खणीत नाही. नदीकाठची ढासळलेली, उंदरांनी उकरलेली माती आणून भांडी करतो आणि ज्याला हवे त्याने तांदूळ, मूग, वाटाणे ठेवून भांडे न्यावे असे सांगतो. आंधळ्या म्हाताऱ्या आईबापांना पोसतो. कस्सप बुद्धाला काशीराजा किकीपेक्षा हा कुंभार जवळचा वाटतो. ज्याने अखेरचे भोजन दिले त्या चुन्द लोहाराला लोकांनी दोष देऊ नये म्हणून तथागतांनी महापरिनिब्बाणापूर्वी घेतलेली काळजीही वाचकांना आठवेल.

महाराष्ट्रातील लेणी याच परंपरेची साक्ष देतात. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दाराशी धेनुकाकट येथील सुतार, वेणुवासाचा पुत्र सामी, याचे नाव दगडात कोरलेले आजही वाचता येते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील १० व्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज २४० होते. वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ याप्रमाणे ते वाटावयाचे होते. मुद्दल परत द्यावयाचे नव्हते. म्हणजे भिक्खूच्या अंगावरील साध्या चीवरामागे विणकरांची एक मान्यताप्राप्त संस्था उभी होती, आणि तिच्या हातचे भांडवल कायमचे तिच्याकडेच राहत होते. चीवर साधे, व्यवहार मात्र कारागिराला उभे करणारा!

लादलेला साधेपणा

साधेपणाचा विचार आपल्या देशात करताना आणखी एक ग्रंथ बाजूला ठेवता येत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी वस्तूंची यादी दिली आहे: वस्त्रे प्रेतावरची, भोजन फुटक्या भांड्यांत, दागिने लोखंडाचे, वसती गावाबाहेर. ही यादी विनयातील वस्तूंशेजारी ठेवून पाहावी. पंसुकूलिक भिक्खूही स्मशानातील चिंध्या गोळा करतो. त्याचेही पात्र लोखंडाचे वा मातीचे, तेही सांधलेले. पाहणाऱ्याला दोन्ही वस्तू सारख्याच दिसतील. कलासमीक्षक दोहोंना सारखेच गुण देईल. पण एक वस्तू शिक्षा आहे आणि दुसरी निवड आहे.

निवडीचे हे तत्त्व तथागतांनी किती कसोशीने राखले हे देवदत्ताच्या मागण्यांवरून दिसते. भिक्खूंनी आजन्म पंसुकूलच वापरावे, गृहस्थाने दिलेले वस्त्र घेऊ नये, ही त्या पाच मागण्यांपैकी एक होती. तथागतांनी ती नाकारली. ज्याला हवे त्याने पंसुकूल धारण करावे, ज्याला हवे त्याने गृहस्थाचे वस्त्र घ्यावे, असा निर्णय दिला. जीवकाने आणलेले राजाकडचे उंची वस्त्र त्यांनी स्वतः स्वीकारले होते. साधेपणाची सक्ती हा देवदत्ताचा मार्ग आहे, हे आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पाच सांध्यांच्या नियमातील दंडविधानही असेच बोलके आहे. ज्याने नियम मोडून नवे पात्र घेतले त्याने ते संघापुढे ठेवावयाचे. ते प्रथम सर्वांत ज्येष्ठ थेराला दाखवावयाचे; त्याने ते घेतले तर त्याचे जुने पात्र दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, असे करीत सर्वांत कनिष्ठ भिक्खूपर्यंत जावयाचे. शेवटी उरलेले पात्र दोषी भिक्खूला मिळते आणि ते फुटेपर्यंत त्याने वापरावयाचे असते. सर्वांत हलके पात्र कोणाच्या तरी वाट्याला येणारच. पण संघात ते कृतीवरून येते, जन्मावरून येत नाही.

आमच्या खेड्यांत जन्मावरूनच येत असे. चहाच्या टपरीवर कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली असे, ती कोणासाठी हे सांगावे लागत नसे, आणि पिणाऱ्यानेच ती विसळून ठेवावयाची असे. दलित आत्मकथनांनी त्या कपाची नोंद कायमची करून ठेवली आहे. तडा गेलेल्या भांड्यात जगाचे अनित्यत्व पाहणाऱ्या रसिकाला आम्ही एवढेच सुचवू की, तो तडा कोणाच्या वाट्याला आला हेही त्याने पाहावे.

गृहस्थाचा मार्ग

येथवरचा विचार मुख्यतः भिक्खूंच्या वस्तूंचा झाला. गृहस्थांचे काय? अंगुत्तरनिकायातील दीघजाणु कोलियाचे सुत्त याचे उत्तर देते. आम्ही काशीचे चंदन लावणारे, माळा घालणारे, सोन्याचांदीचा व्यवहार करणारे गृहस्थ आहोत, असे तो स्वतःच सांगतो. तथागत त्याला चंदन पुसून टाक म्हणत नाहीत. उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविता या चार गोष्टी ते सांगतात. समजीविता म्हणजे आय आणि व्यय यांचा तोल: उधळेपणाही नको, कंजूषपणाही नको. गृहस्थाच्या साधेपणाचे माप हे आहे. म्हणून ऋण काढून केलेला लग्नाचा थाट धम्माला धरून नाही, आणि कष्टाच्या पैशाने घेतलेले चांगले वस्त्र धम्माविरुद्ध नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच विवेक केला आहे. तथागतांनी दारिद्र्याला धन्य मानले नाही, हे त्यांनी तेथे स्पष्टपणे मांडले. आणि ग्रंथरचनेच्या कितीतरी आधी, डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी वस्तूंचाच विषय घेतला होता. जातीची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची तऱ्हा सोडा. गळ्यात आणि हातापायांत चढवलेल्या जड, हलक्या धातूच्या दागिन्यांचा भार टाका. वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असे त्यांनी सांगितले. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले होते. दहाव्या अध्यायातील वस्तूंची ती यादी कागदावर जळाली आणि अंगावरूनही उतरली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जमलेला जनसमुदाय शुभ्र वस्त्रांत होता. पालि साहित्यात उपासकाला 'ओदातवसन' म्हणजे पांढरे वस्त्र नेसणारा म्हटले आहे. त्या वस्त्रांत नक्षी नव्हती, किनार नव्हती, ती बहुधा स्वस्तही होती. साध्या वस्तूच्या सौंदर्याचे याहून मोठे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. पण त्या सौंदर्याचे कारण विणीत वा रंगात शोधून सापडणार नाही. ती वस्त्रे कोणी लादली नव्हती, ती धुऊन नेसलेली होती, आणि नेसणारे सर्व एका पंक्तीत उभे होते.

साधी वस्तू आवडावी, जपावी, दुरुस्त करून वापरावी. आमच्या विहारांतील नव्या झगमगाटाकडे पाहता तसे सांगण्याची गरजही आहे. मात्र कोणत्याही वस्तूला 'बौद्ध' म्हणण्यापूर्वी विनयाने शिकवलेले प्रश्न विचारावेत: ती कोणती अडचण दूर करते, वापरणाऱ्याने ती स्वतः निवडली आहे काय, आणि ती घडवणाऱ्याच्या घरी चूल पेटली काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर वस्तू साधी असो वा नसो, तिच्यात धम्म आहे. नसतील, तर कितीही अबोल पेला असला तरी तो केवळ महागडा पेला आहे.